नऊ हिरवी कार्डं

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार
घोडबंदर रोड, शाळेच्या बसमधून

रसिका,

वर काय लिहावं यावरच अर्धा तास गेला. 'चि.' लिहिलं तर तू म्हणशील, आशीर्वाद मागितला कुणी. 'प्रिय' लिहिलं तर म्हणशील, दादाला काहीतरी हवंय. दुसरी शंका रास्त आहे, म्हणून नुसतं नाव लिहिलं. अक्षर थरथरतंय त्याचा माझ्या वयाशी संबंध नाही. सकाळी आपल्या डोंबिवलीच्या मानपाड्याहून निघालो आणि दीड तासाने ठाण्याच्या मानपाड्याला येऊन अडकलोय. बस हलत नाही, इंजिन हलतंय.

दर शनिवारी हे असतं. संस्थेच्या इथल्या नव्या शाखेसाठी एका बत्तीस मजली इमारतीच्या क्लबहाऊसमध्ये मी पालकांना सांगतो, की बुद्धी एक नसते, आठ असतात. पालक माना डोलावतात आणि मग विचारतात, की आठांपैकी आयआयटीला कुठली लागते. पत्रकावर माझा फोटो आहे, खाली 'बुद्धिमार्गदर्शक'. तुझं नाव कुठेही नाही. हे तुला कुणी सांगितलं नसेल तर आता सांगून झालं.

सगळं तुझं आहे, हे निदान बसमध्ये तरी कबूल करतो. चौथीच्या मुलांना आठ आठवडे आठ तऱ्हेची कामं द्यायची, आपण मागच्या बाकावर बसून नुसतं बघायचं, विचारायचं काही नाही, आणि मुलामागे एक ओळ लिहायची. तीही शिसपेन्सिलने, कारण मूल सोमवारी एक असतं आणि गुरुवारी दुसरं. हे तुझं वाक्य मी दर शनिवारी माझं म्हणून वापरतो आणि त्याला टाळ्या पडतात. तू एप्रिलमध्ये शाळा सोडून कुडाळला गेलीस, तेव्हा स्टाफरूममध्ये मी सांगितलं, की आम्हा बहीण-भावाचं भांडण पेन्सिल आणि शाईवरून झालं. लोकांना ते पटलं. संस्कृतच्या मास्तराचं भांडण याहून मोठ्या गोष्टीवरून होईल असं कुणाला वाटत नाही.

पुढचं तू पाहिलं नाहीस. मी दिलेल्या नावांची (वाक्, तर्क, लय, निसर्ग वगैरे) अपूर्व सरांनी रंगीत कार्डं करून मुलांच्या गळ्यात घातली. अध्यक्षांचे हे चिरंजीव आता पूर्णवेळ संचालक झालेत. जूनपासून पाचवीच्या तुकड्याच त्या रंगांवर पाडल्या. एका बापाने 'आत्म' लिहिलेलं कार्ड पाहून विचारलं, मुलगा संन्यास घेणार नाही ना. मी म्हटलं, दहावीपर्यंत तरी नाही.

आता कामाचं. मंगळवारी ठमाबाई भोईर म्हणून एक आजी शाळेत आल्या. त्यांची नात दक्षता, निसर्ग तुकडीत आहे, हिरवं कार्ड. डबा द्यायला आल्या होत्या. गणिताच्या तासाला नात गच्चीवर प्लास्टिकच्या पिंपांतल्या रोपांना पाणी घालताना दिसली. तुकडीचं वेळापत्रकच तसं आहे. गणिताचे दोन तास कमी करून बागकाम दिलंय. आजी थेट माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत.

"आमी शेती इकली नं पोरीला शालेन घातली," म्हणाल्या. "तुमी तिच्या हातान परत झारी दिली."

मी निसर्गबुद्धीवर थोडंसं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की शिष्यवृत्तीच्या परीक्षेला पोरगी बसणार का. ती परीक्षा पाचवीत असते, अर्ज शाळाच भरते, आणि आपल्याकडे तो फक्त तर्क तुकडीचा भरतात. हे मी त्यांना सांगितलं नाही. बघतो म्हणालो.

मला त्या मुलीबद्दल नीटसं आठवत नाही. तुझ्या पेन्सिलीच्या टिपणांची पहिली वही तुझ्याकडे आहे. पाठवशील का? पत्र घालायची सक्ती नाही.

दादा


२२ ऑक्टोबर, रविवार
डोंबिवली

रसिका,

वही आली नाही. कुडाळचं टपाल मंद आहे की तू, हे ठरवता येत नाही, म्हणून दोघांनाही संशयाचा फायदा देतो.

अपूर्व सरांना भेटलो. दक्षताचं कार्ड बदलून तिला तर्क तुकडीत घ्यावं, निदान शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा, एवढंच म्हणालो. त्यांनी मला कॉफी दिली. हा मुलगा ज्याला नाही म्हणायचं असतं त्याला कॉफी देतो. म्हणाले, सर, एक कार्ड बदललं की सोमवारी गेटवर दोनशे पालक. तुम्हीच दर शनिवारी सांगता ना, की आठ आठवड्यांचं निरीक्षण आहे, अंदाज नाही? माझीच वाक्यं माझ्यापुढे ठेवत होते, आणि पाठांतर बिनचूक होतं. असा विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नाही.

मी म्हटलं, चूक होऊ शकते.

"होऊ शकते ना, सर," ते म्हणाले. "पण मग फोटो तुमचा आहे."

गच्चीवर जाऊन आलो. दक्षता तुला आठवत असेल: दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी, पेन्सिलीची मागची बाजू चावायची सवय. तिच्या वर्गशिक्षिका वर्षाली मॅडम म्हणाल्या, पोरगी गुणी आहे, एकही रोप मरू देत नाही. मॅडम खूश होत्या. मला पिंपांमागे उभं राहून ही स्तुती ऐकणं जड गेलं.

एक सांगतो, मग तुझं मत वाईट झालं तरी चालेल. ते आधीच फारसं चांगलं नाही. मार्चमध्ये तिच्यापुढे 'निसर्ग' लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तिचं आडनाव होतं. भोईर. आगरी घर, पूर्वी भातशेती, मिठागर. पानांच्या कामात तिने पटापट ढीग लावले आणि मी मनात म्हटलं, असणारच. आपल्या आजोळच्या मुलाने श्लोक म्हटला की लोक म्हणतात, असणारच, तसंच. चाळीस वर्षं व्याकरण शिकलो आणि शिकवलं, पण माणसाचं आडनाव वाचून त्याचा अर्थ लावायचा नसतो, हे कुठल्या सूत्रात नव्हतं.

तर हे असं झालं. चूक झाली, अनवधानाने. अर्जाची शेवटची तारीख १५ डिसेंबर आहे. वहीत तुझं काही वेगळं टिपण असेल तर तेवढ्या आधारावर मी पुन्हा भांडेन.

दादा


५ नोव्हेंबर, रविवार
डोंबिवली

रसिका,

वही मिळाली. आत पत्र नव्हतं. तुला सक्ती नाही असं मीच लिहिलं होतं, आणि माझा एवढा शब्द तू आयुष्यात पहिल्यांदाच पाळलास.

पान एकोणीस. तुझं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर, पेन्सिलचं, पण एक काना पुसट नाही:

'दक्षता भोईर. पानांचे ढीग. इतर मुलं आकारावरून लावतात, हिने कढीपत्त्याच्या काड्या मोजून लावल्या. अकरा पानांच्या वेगळ्या, तेराच्या वेगळ्या, पंधराच्या वेगळ्या. सम संख्येच्या काड्या बाजूला ठेवल्या. विचारायचं नाही म्हणून विचारलं नाही, पण तिने आपणहून शेजारणीला सांगितलं, हिचं एक पान पडलंय कुठेतरी. ओठ हलत होते. दादानेही पाहिलं.'

शेवटचे दोन शब्द मी बऱ्याच वेळा वाचले.

पाहिलं होतं. आपलं भांडण पेन्सिलवरून झालं नव्हतं, हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि मी सहा महिने स्टाफरूमला जे सांगत होतो ते हळूहळू स्वतःलाही सांगायला लागलो होतो. तू स्वयंपाकघरात उभी राहून विचारलंस, दादा, तू तिचे ओठ पाहिलेस ना? मी म्हटलं, नाही. तू गॅस बंद केलास आणि बॅग भरायला गेलीस.

गेल्या पत्रात आडनावाचं लिहिलं, तेही खरं होतं. पण ते मी एवढ्यासाठी लिहिलं, की कबुली दिल्याचं समाधान मिळावं आणि खरी कबुली शिल्लक राहावी. एवढी चलाखी मला सुचते याचं मलाच आश्चर्य वाटतं. आठ कार्डांत या चलाखीसाठी मात्र रंग नाही.

फेब्रुवारीत अपूर्व सरांनी मला बोलावून सांगितलं, की पुढच्या वर्षापासून संस्कृतच्या जागी जर्मन येणार. पालकांची मागणी. म्हणजे मी अतिरिक्त. धातुरूपावलीही अतिरिक्त, पण तिला निदान कपाट आहे. मग म्हणाले, तुमच्या बहिणीची ती आठ बुद्धींची योजना चालली, तर तिला एक ज्येष्ठ, भारदस्त माणूस लागेल. चालायची म्हणजे आठही तुकड्या भरायला हव्यात. पंचविसाच्या खाली तुकडी उघडणार नाही, आणि एक जरी उघडली नाही तरी आठांची जाहिरात करता येत नाही.

निसर्गाला सतरा मुलं होती. खरीखुरी सतरा, त्यांच्या आई-बापांनी येऊन माझं डोकं खाल्लं, निसर्ग म्हणजे पुढे काय, शेती का, आणि मी त्यांना समजावून पाठवलं. आठ कमी पडत होती. मी पालकसभेच्या सह्यांची वही घेऊन घरी आलो. ज्या मुलांपुढे वर्षभरात एकही सही नव्हती, ती बाजूला काढली. कार्ड कुठलंही दिलं तरी विचारायला कुणी येणार नाही, अशी. नऊ निघाली.

आठ पुरली असती. एखाद्याने शाळा सोडली तर तुकडी मोडू नये, म्हणून नववं घातलं. नववी दक्षता.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही सांगितलं नसतं, तू फक्त वही पाठवली नसतीस तर.

दादा


१९ नोव्हेंबर, रविवार
डोंबिवली

रसिका,

दिवाळी झाली. तुझ्याशिवायचा फराळ मी दुकानातून आणला आणि चकली बिघडली असं म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून ती चांगली लागली नाही.

शुक्रवारी ठमाबाईंच्या घरी गेलो. तीन मजली घर, दाराशी पांढरी गाडी, अंगणात मात्र भात वाळत घालायची जुनी चटई गुंडाळून ठेवलेली. दक्षताचा बाप मितेश भेटला. पस्तिशीचा, गळ्यात साखळी, बोलायला साधा. शंकरपाळ्यांची बशी पुढे करत म्हणाला, सर, मी एकदाच आलेलो सभेला, पहिलीत. सगळं इंग्लिशमध्ये चाललेलं. एका बाईंनी मला ड्रायव्हर समजून गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मग नाय गेलो. बायको कल्पिता दाराआडून म्हणाली, मी म्हणत होते जा, तर म्हणे शाळेला कळतं आपल्यापेक्षा.

शाळेला कळतं, म्हणून माणूस येत नाही. आणि येत नाही, म्हणून मी लिहितो. मी शंकरपाळं चावत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

दक्षताला बोलावलं. सुट्टीतही गळ्यात हिरवं कार्ड होतं. तिच्या पुढ्यात मी एक गणित ठेवलं, सोपं, शिष्यवृत्तीच्या नमुन्यातलं. तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. कागद हळूच माझ्याकडे सरकवला, आपण नको असलेलं ताट सरकवतो तसा.

"मला गणित येत नाही, सर," म्हणाली. "मी निसर्ग आहे."

सांगताना तिला वाईट वाटत नव्हतं. कुणी आपला रक्तगट सांगावा तसं सांगितलं. रसिका, त्या घरात पाच माणसं होती, पंखा चालू होता, आणि मला दाराकडे जायची वाट सापडेना. कार्ड बदलणं मला शक्य नाही हे माहीत होतं. पण कार्ड आत गेलंय, हे माहीत नव्हतं.

ठमाबाई ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मास्तर, ह्ये तुमी शिकवलंव." नुसतं एवढंच. आवाजही चढवला नाही.

तिला समजवायचं तर होतं. तुला येतं हे मी सांगायचं, तर आधी येत नाही हे कुणी सांगितलं तेही मलाच सांगावं लागणार. ते तिथे, बापासमोर, जमलं नाही. घरी आलो. दोन दिवस झाले.

दादा


८ डिसेंबर, शुक्रवार
डोंबिवली, शाळा

रसिका,

उद्या शनिवार. उद्या क्लबहाऊसमध्ये मी काय बोलणार, ते आज तुला लिहून ठेवतो, म्हणजे मला फिरता येणार नाही. माझा माझ्यावर विश्वास नाही, तुझाही नाही, या एका बाबतीत आपलं घराणं एकमुखी आहे.

सोमवारी अपूर्व सरांकडे तुझी वही घेऊन गेलो. पान एकोणीस उघडून दिलं. त्यांनी वाचलं, कॉफी मागवली नाही, आणि विचारलं, किती जणांचं असं आहे. मी म्हटलं, नऊ. ते बराच वेळ टेबलावरच्या पेनाचं टोपण लावत-काढत बसले. मग त्यांनी तोड काढली. मुलीचा अर्ज आजच भरतो. जानेवारीपासून तिला तर्क तुकडीच्या जादा तासांना बसू दे, कार्ड हिरवंच राहील, गाजावाजा नाही. बाकी आठांबद्दल तुम्ही कुठे काही बोलायचं नाही, आणि शनिवार पुढची तीन वर्षं तुमचे.

मी हो म्हटलं. तुला आता वाटेल, दादा म्हणजे दादाच. थांब. हो म्हणताना मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहितो. एक मुलगी बाहेर निघाली, आठ आत राहिली, मी तीन वर्षं आत राहिलो. हिशेब जमतो असं वाटलं.

अर्ज माझ्यासमोर भरला. दक्षताचं नाव, जन्मतारीख, माध्यम. पावती निघाली. एकदा गेलेला अर्ज शाळेला मागे घेता येत नाही, हे मी त्यांच्याकडूनच दोनदा विचारून घेतलं. त्यांना वाटलं, म्हातारा तांत्रिक बाबतीत घाबरट आहे.

काल मधल्या सुट्टीत दक्षताला वाचनालयात बोलावलं आणि पावती दिली. तिने ती वाचली, घडी घातली आणि परत दिली. म्हणाली, चुकून दुसऱ्या कुणाची असेल.

मग मी सांगितलं. रसिका, तीस वर्षं मी वर्गात उभा राहून बोलतोय, पण एवढं अवघड वाक्य मला कधी जुळवावं लागलं नव्हतं. म्हटलं, दक्षता, तुझ्या कार्डावर मी खोटं लिहिलं. चुकून नाही, मुद्दाम. तू कढीपत्त्याची पानं मोजत होतीस, ते मी पाहिलं होतं. मला तुकडी भरायची होती. अशी नऊ मुलं आहेत आणि नऊही कार्डं माझ्या हातची.

मला वाटलं, रडेल. किंवा 'का' विचारेल. मी 'का'ची तयारी करून गेलो होतो. तिने पेन्सिल तोंडातून काढली.

"बाकीच्या आठांना सांगितलं?"

मी म्हटलं, नाही.

ती म्हणाली, त्यांनापण सांगा. मी म्हटलं, तुला ती आठ कोण ते कुठे माहीत आहे. तर तिने नावं घेतली. एकामागून एक, बाकांच्या क्रमाने, आठ. मोरूच्या नावापाशी जराशी थांबली, कारण तो आता तिचा मित्र आहे. एकही चुकलं नाही. हातातली पावती मी टेबलावर ठेवली.

विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"कोणी नाही. आमच्या वर्गात सव्वीस मुलं आहेत, सर. पालकसभेला सव्वीस खुर्च्या मांडतात आणि सतरा भरतात. ज्यांच्या खुर्च्या रिकाम्या, त्यांना झाडं आवडत नाहीत. ज्यांच्या भरतात, त्यांना आवडतात. मोरूला तर अळ्यांची भीती वाटते."

मी म्हटलं, अगं, मग हे गणितच आहे.

"हे गणित नाही," ती म्हणाली. "हे नुसतं बघितलं मी."

उद्या क्लबहाऊसमध्ये साठ-सत्तर पालक असतील. मी त्यांना सांगणार आहे, की पत्रकावरचा माणूस मी आहे, योजना माझ्या बहिणीची आहे, आणि नऊ कार्डं मी खोटी लिहिली. मुलांची नावं घेणार नाही. त्या आठ घरी मी स्वतः जाणार आहे, दोन तर कल्याणलाच आहेत. सोमवारी मी अतिरिक्त असेन. तोवर तुझी वही माझ्याकडे राहू दे. आठ घरी मला कुणी विचारलं, मास्तर, मग आमचं मूल आहे तरी कसं, तर वाचून दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. माझ्या वहीत फक्त शब्द आहेत, एकेक, शाईचे.

निघताना दाराशी थांबवून मी तिला विचारलं, हे तू कधी मोजलंस.

"जूनमध्ये, सर. पहिल्या सभेला," दक्षता म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत नसेल."

तुझा,
दादा